पडलेल्याचा झेंडा

अमेरिकेतल्या जुन्या अध्यक्षीय निवडणुकांचे प्रचाराचे झेंडे जमवायचा सुदेशला नाद. आज त्याने कोलशेतच्या घरात नववी फ्रेम टांगली. आत दीडशे वर्षांपूर्वीचा विरलेला सुती झेंडा, त्यावर उमेदवाराचं नाव.

"हा निवडून आला का रे?" आईने विचारलं.

"नाही, पडला. म्हणून तर सहसा मिळत नाही. पडलेल्याचे झेंडे कोण जपून ठेवतं?"

काचेवर बोटं उठली होती. सुदेशने ओट्यावरचं फडकं घेतलं आणि पुसता पुसता थांबला. फडक्याला निळ्या कापडाची अर्धी होडी शिवलेली होती.

"आई, हे कुठलं गं?"

"बाबा नगरसेवकाला अपक्ष उभे राहिलेले ना, तेव्हा त्यांची निशाणी होडी होती. शंभर झेंडे शिवलेले मी. त्यातलं हे एवढंच उरलंय."

"बाकीचे?"

"निकाल लागला आणि तू शाळेत जाईनास. पोरं हसतात, बोललास, ते झेंडे घरात नकोत. मग बाबांनीच बसून एकेक फाडला."