कुंपणावरची फांदी

प्राणिसंग्रहालयातली माकडं पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुळातली. संचालकांना त्याचा कोण अभिमान! “अस्सल घराणं,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मग साथ आली आणि अख्खं अस्सल घराणं तापाने आडवं झालं. एक धाकटं पिल्लू तेवढं सगळ्यांच्या वाटची केळी खात उड्या मारत होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचं रक्त तपासलं.

“या खेपेला वाचतील सगळी. पण रोगाशी लढणारी जनुकं साऱ्यांची एकसारखी, म्हणून एक पडलं की सगळी पडतात. या पिल्लाची निम्मी जनुकं वेगळी आहेत. आई इथलीच, बाप बाहेरचा.”

“बाहेरचा? आला कुठून?”

सगळ्यांनी वर पाहिलं. रानातल्या झाडाची एक फांदी कुंपणावरून आत आली होती. रानातली माकडं आत शिरतात म्हणून ती तोडायला संचालक माळ्याला वर्षभर बजावत होते, आणि माळी वर्षभर “उद्या नक्की” म्हणत होता.

माळ्याने मान खाली घातली. “चुकलं साहेब. आत्ता कुऱ्हाड आणतो.”

“खबरदार!” संचालक पिल्लाकडे बघत म्हणाले. “पलीकडची ती दुसरी फांदी आत वळवता येते का, ते बघ आधी.”