बाहुल्यावरचं नाव

"तिकडं मेलेल्यांच्या देवाच्या, ओसिरिसच्या राज्यात पाशेदचं नाव वेठीला पुकारलं, की त्याच्या बदली हा उठेल आणि म्हणेल, 'मी हजर'," वीतभर मातीच्या बाहुल्याच्या हातात कुदळ बसवत नेबरे कुंभार म्हणाला. "तुझा लेक निवांत पडून राहील, आक्का."

तो नाव कोरायला लागला, तसं तुईनं त्याचं मनगट धरलं.

"पाशेदचं नको, दादा. आमच्या शेतमालकाचं नाव घाल."

"खुळी का काय तू? ज्याचं नाव, त्याचीच वेठ करणार हा."

"म्हणून तर. दरसाल पूर ओसरला की कालवा उपसायला मालकाचं नाव पुकारायचे, आणि 'मी हजर' माझा पाशेद म्हणायचा. परवा दरड कोसळली तीही त्याच्याच अंगावर. मालक आता थकलाय, आज ना उद्या तिकडं जाईल. त्याचं नाव पुकारलं, की पाशेदच सवयीनं उठेल बघ. त्याच्या आधी हा बाहुला उठू दे."

नेबरेला वर बघवेना.

"अगं, मालकासोबत थडग्यात असे चारशे बाहुले ठेवतील."

"इथं काय त्याच्याकडं माणसं कमी होती?" तुई म्हणाली.