विमलेच्या नवऱ्याची ओळ

"आज खाट हलवलीच पाहिजे," राजसबाईंनी नर्सला बजावलं. "दाराजवळ द्या, कुठंही द्या, पण या पडद्यापासून लांब."

पडद्यापलीकडे विमला होती. तिचा नवरा अपघातानंतर शुद्धीवर आलाच नव्हता. तरी ती रोज संध्याकाळी त्याच्या उशाशी तमिळ बायबल उघडायची. अध्याय एकच, धीर न सोडता शर्यत धावण्याचा. घरी दोघं आळीपाळीनं वाचत, एक ओळ तिची, एक त्याची. इथंही तीच रीत. आपली ओळ वाचली की ती थांबायची. त्याची ओळ होईल एवढा वेळ जाऊ द्यायची आणि मग पुढची घ्यायची.

त्या थांबण्यानंच राजसबाईंच्या अंगाची आग व्हायची. बेशुद्ध माणसाशीसुद्धा हिचा संसार चालू! आणि आपले बालाजीराव? चांगले शुद्धीत. पक्षाघातानं उजवी बाजू लुळी पडली होती, पण प्रयत्न केला तर बोलतील, चालतीलही, असं डॉक्टर सांगून थकले. यांनी मात्र तोंडाला कुलूप घातलं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला जवळ येऊ देत नव्हते. कांजीचा चमचा पुढे केला की मान पडद्याकडे.

"मी इतकी बोलूलें, कान तरी द्या की!" राजसबाई आपल्या तंजावरी मराठीत कळवळायच्या.

पाठ बायकोला आणि तोंड विमलेकडे! तंजावरच्या मिशन शाळेत शिकलेला माणूस, त्याला बायबलचं काय नवल, अशी त्या मनाची समजूत घालायच्या. ती पटत नसे. हेवा करायचा तरी कुणाचा, तर जिचा नवरा डोळेही उघडत नाही तिचा! याची त्यांना लाज वाटायची. हेवा काही कमी व्हायचा नाही.

नर्सनं खाटेच्या चाकांची खीळ काढली. पलीकडे वाचन सुरू होतं. विमलेची ओळ संपली, नेहमीसारखी शांतता पडली. आज ती लांबली. मग हुंदका ऐकू आला.

"किती दिवस मी एकटीनंच वाचू?" विमला नवऱ्याला म्हणाली. पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

राजसबाईंना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

तेवढ्यात खाटेवरून एक जड, अडखळता आवाज आला. शाळेत घोकलेलं तमिळ.

"गळालेले हात... उचला. लटपटते गुडघे... सरळ करा."

बालाजीराव विमलेच्या नवऱ्याची ओळ म्हणत होते. आजारपणातले पहिले शब्द, आणि ते परक्या बाईसाठी! राजसबाईंच्या काळजात कळ उठली. मग त्यांना पांघरुणावरचा नवऱ्याचा उजवा हात दिसला. थरथरत, बोटभर वर उचललेला.

"अम्मा, हलवू ना खाट?" नर्सनं विचारलं.

राजसबाईंनी पडदा सर्रकन बाजूला सारला.

"पुस्तक उघड, विमला," त्या म्हणाल्या. "आता तुझी ओळ."