तापलेला पत्रा

वेरूळजवळच्या उन्हाळी शिबिरात सुलेखा यंदा पहिल्यांदाच मुलींची ताई म्हणून आली होती. मैदानाच्या कडेला निजामाच्या काळातली एक बसकी इमारत होती. तिला खिडकी नव्हती, आणि दाराला कडी होती तीही बाहेरूनच.

"कडुबाकाका, आधी काय होतं इथं?" तिनं रखवालदाराला विचारलं.

"कुणी शाळा म्हनतं, कुणी कैदखाना. मी आपला दरसाल भाईरून चुना मारतो. आत कधी गेलो नाय."

तेवढ्यात आतून दारावर थापा पडल्या. लागोपाठ तीन, मग जरा थांबून एक.

"काका, आत कोण आहे?"

"कुणी नाय, ताई. उन्हानं पत्रा तापला की वाजतो." चुन्याची बादली उचलून कडुबा मागच्या भिंतीकडं निघून गेला.

सुलेखाला राहवेना. शिबिरातलीच कुणी पोरगी कोंडली गेली असली तर? तिनं कडी काढली आणि आत शिरली.

आत कुणीच नव्हतं. तिनं वर पाहिलं. पत्रा नव्हताच, छत अख्खं दगडी होतं.

मागं दार लागलं. बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला.

मोबाईलच्या उजेडात दाराचं लाकूड एका जागी हाताच्या पंजाच्या आकाराचं झिजलेलं दिसलं. तिनं त्यात हात ठेवला. तो तिच्या लहानपणापासून वाकड्या असलेल्या करंगळीसकट नेमका बसला.

तिनं जीव खाऊन तीन थापा मारल्या. बाहेर कुणीतरी बोलत होतं. ती थांबली, आणि आणखी एक मारली.

"काका, आत कोण आहे?" बाहेरून सुलेखाच्याच आवाजात कुणीतरी विचारलं.

"कुणी नाय, ताई. उन्हानं पत्रा तापला की वाजतो."