निमिषचा गळ

नदीपलीकडे रामनगरच्या काठावर दर रविवारी मासा लागायचा तो विश्वजीतच्याच गळाला. बँकेतल्या या दोस्ताने ऐटीत फोटो काढून मासा पाण्यात परत सोडला, की शेजारी रिकाम्या गळाने बसलेल्या निमिषच्या पोटात दुखायला लागायचं.

विश्वजीतच्या गळाच्या काठीला दोरा गुंडाळायचं साधं स्पिनिंग रील होतं. त्याच्यावर वरताण करायची म्हणून निमिषने महागडं, पण हाताळायला अवघड असं बेटकास्टिंग रील मागवलं. पहिल्याच फेकीत दोऱ्याचा असा गुंता झाला की तो सोडवण्यातच सकाळ गेली, आणि तेवढ्यात विश्वजीतने आणखी एक मासा काढला.

"अरे भइया, स्पिनिंग घे. नवशिक्याला तेच बरं," विश्वजीत हसून म्हणाला.

ते 'नवशिक्या' निमिषला आठवडाभर खुपत राहिलं. तरी त्याने गुपचूप विश्वजीतसारखंच, अगदी त्याच रंगाचं स्पिनिंग रील घेतलं.

पुढच्या रविवारी बँकेचं काम आहे अशी घरी थाप मारून, रील पिशवीत लपवून, तो नावेसाठी दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरला. घर पूजापाठाचं, गळाचं आईला कळलं असतं तर तिने अन्नपाणी सोडलं असतं. आणि नेमकी आईच खालच्या पायरीवर पाठमोरी बसून माशांना कणकेच्या गोळ्या घालत होती. निमिष जागीच थबकला.



"पोटभर खा रे बाळांनो. आज रविवार आहे, माझ्या निमिषच्या गळाला चुकूनसुद्धा लागू नका. अगदीच राहवलं नाही, तर त्या विश्वजीतच्या लागा."