गार वारा

वादळात विजेचे खांब आडवे झाले, तशी मथुराबाईंनी टीव्ही, फ्रिज, सगळं बंद केलं. नानांच्या उशाशी असलेल्या बोर्डातून टेबलफॅनची पिनही ओढून काढली. आता इन्व्हर्टरवर चालत होती ती फक्त ऑक्सिजनची मशीन. ती थांबली की नवऱ्याचा श्वास थांबणार.

"घामाने निथळतेयस. पंखा लाव गं," नाकात नळी लावलेले नाना धापा टाकत म्हणाले.

"मला कसली आलीय गरज? ही चालली की मिळवलं. गप पडा बघू!"

"सकाळपासून पाणी तरी प्यायलीस?"

"तुम्हाला नसत्या चौकश्या!"

इन्व्हर्टर कुईकुई करू लागला. बॅटरी संपत आली होती. लाइटचा पत्ता नव्हता.  देवाला हात जोडत मथुराबाई खाटेला टेकल्या आणि तिथेच त्यांना ग्लानी आली.

जाग आली ती गार वाऱ्याने. कपाळावरचे केस भुरभुरत होते.

"अहो, लाइट आली! वाचलो हो!" त्यांना हसूच फुटलं.

त्या खाटेकडे वळल्या. टेबलफॅन तेवढा त्यांच्याकडे तोंड करून फिरत होता. मशीनची पिन नानांच्या मुठीत होती.