दोन जुड्या

कंपनीचा दुपारचा भोंगा झाला तरी गोदूबाईच्या टोपलीतली माठाची भाजी तशीच पडून होती. बेलवलीत विहिरीच्या पाण्यावर, नुसत्या शेणखतावर वाढवलेल्या त्या जुड्या बुवापाड्यातल्या बाया उचलत, पानांवरची भोकं बघत आणि परत टाकत. शेजारच्या गयाबाईचा माठ मात्र हातोहात खपला. रुळांलगतच्या नाल्याच्या पाण्यावर, औषध फवारून वाढवलेल्या त्या हिरव्यागार पानांना एक भोक नव्हतं. गोदूबाईला बसवेना. ती उठे, पाणी शिंपडे, भोकांची पानं आत दडपे, पुन्हा उठे. उद्यापासून आपणही फवारायचं, तिनं ठरवून टाकलं. टोपली आवरून गयाबाई जवळ सरकली. “दोन जुड्या दे गं.” “तुझ्यातल्या नाय ठेवल्यास घरी?” गयाबाईनं आवाज खाली आणला. “सून पोटुशी हाय. तिला आमचं नाय घालत.” गोदूबाई त्यातल्या त्यात धड जुड्या शोधू लागली. “त्या नको. भोकांच्या दे.”